हर्डीकरांची तीन फुटी ऐरण

आमच्या इमारतीत कुणीही गुंडाळलेला कागद उघडपणे हातात घेऊन जिना चढत नाही. वाण्याने दिलेलं कॅलेंडर असो, मुलांचा तक्ता असो, लोक तो पिशवीत खुपसतात, ओढणीखाली लपवतात, नाहीतर सरळ चार घड्या घालून त्याचा सत्यानाश करतात. कारण पहिल्या मजल्यावर हर्डीकर राहतात. त्यांचं दार सकाळी सातपासून सताड उघडं असतं आणि दारासमोरच्या खुर्चीत ते स्वतः बसलेले असतात. गुंडाळी दिसली की ते उठतात.

"अहो, थांबा. हे असं नेणार? रबरबँड लावून? कागदाच्या गळ्याला नख लावताय तुम्ही!"

एवढं म्हणेपर्यंत रबरबँड त्यांच्या खिशात गेलेलं असतं. मग तुम्हाला आत बसवून नळी या विषयावर वीस मिनिटं ऐकवलं जातं. सदाशिव पेठेत इतकी वर्षं काढल्यावर कुणी काही ऐकवलं तर माणूस दचकत नाही, पण दूध उतू जात असेल तर पंचाईत होते.

श्रीनिवास हर्डीकर बहात्तर वर्षांचे आहेत. एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून त्यांची हयात गेली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, खिशात टोक काढलेल्या तीन पेन्सिली, आणि बोलायला लागले की उजव्या हाताने हवेत आकृती काढायची सवय. लग्न केलं नाही. का नाही केलं, असं आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा हळदीकुंकवाच्या भरात विचारलं होतं. "मुद्दा वेगळाच आहे," हर्डीकर म्हणाले आणि तो कुठला हे सांगायच्या आधीच आत गेले. हे त्यांचं पेटंट वाक्य. तुम्ही काहीही बोला, तुमचा मुद्दा हा मुद्दाच नसतो.

मी लेले. तिसऱ्या मजल्यावर राहते आणि ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. माझ्याकडे स्कूटर आहे आणि हर्डीकरांकडे नाही, ही आमच्या स्नेहाची सुरुवात.

तर नळी. जाड कागद गुंडाळून नळी करायची आणि जिथे एक कड दुसरीवर येते तिथे स्टेपलरच्या पिना मारायच्या, इतकं साधं काम. पण स्टेपलरला दोन जबडे असतात. वरचा पीन ढकलतो आणि खालची पट्टी तिचे पाय मुडपते. नळीला पीन मारायची तर खालची पट्टी नळीच्या आत जायला हवी, आणि बाजारातल्या स्टेपलरचा हात चार बोटांपलीकडे पोहोचत नाही. त्यामुळे नळी दोन्ही टोकांना बंद होते आणि मधलं पोट सुटतं. हर्डीकरांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "मग चिकटवा की."

त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते मी एरवी परीक्षेत पाण्याचं सूत्र चुकणाऱ्या मुलाकडे पाहते.

"लेलेबाई, गोंद सगळेच लावतात. मुद्दा तो नाही."

त्यांच्या हॉलमध्ये जेवणाचं टेबल होतं. त्यावर जेवणं केव्हाच बंद झालं होतं. टेबलाच्या कडेला त्यांनी तीन फुटी लोखंडी दांडा बसवला होता, एक टोक स्क्रूने आवळलेलं आणि दुसरं हवेत. हा खालचा जबडा. त्याला ते ऐरण म्हणायचे. नळी मोकळ्या टोकाकडून ऐरणीवर सरकवायची. वर रुळावर स्टेपलरचं डोकं पुढेमागे फिरायचं, आणि खाली शिलाई मशीनचं पायडल. पाय दाबला की ठक्. पीन बसली. या सगळ्याची चौदा चित्रं होती. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत क्रमांक, प्रमाण आणि सही. 'चित्र क्र. ३ अ' मी इतक्या वेळा पाहिलंय की स्वप्नातही काढून दाखवीन.

माझी मुलगी एम.एस्सी. झाली तेव्हाची गोष्ट. तिचं पदवीचं प्रमाणपत्र घेऊन मी आनंदाच्या भरात जिना चढत होते आणि लपवायचं विसरले. हर्डीकर दारात उभेच. "वा, वा! अभिनंदन. आण— म्हणजे द्या इकडे. यंत्राला खऱ्या कागदाची चाचणी हवीच होती." मी नको म्हणायच्या आत प्रमाणपत्र नळीत, नळी ऐरणीवर आणि हर्डीकरांचा पाय पायडलवर गेला होता. ठक्, ठक्, ठक्, ठक्, ठक्. अगदी शिवणयंत्रासारखं चाललं.

आता ऐरण नळीच्या आतून जाते. नळीच्या आत प्रमाणपत्र होतं. म्हणजे ऐरण प्रमाणपत्राच्याही आत होती, आणि पीन दोन्हीतून आरपार गेली होती. चौदा चित्रांत नेमकं हे एक चित्र राहिलं होतं. भरीत भर म्हणजे पिनांचे पाय ते मुडपायला ऐरणीत कोरलेल्या खाचांत अडकले आणि नळी निघेचना. माझ्या मुलीची पदवी नऊ दिवस हर्डीकरांच्या टेबलावर आडवी होती. शेवटी सुटली तेव्हा तिला मधोमध दहा भोकं होती.

"पण पिना किती घट्ट बसल्यात ते बघा," हर्डीकर म्हणाले.

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जिन्यात समोर आले की मी भिंतीकडे बघत वर जायची. हे असं तीन आठवडे चाललं. मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात हर्डीकर. ते दुसऱ्याच्या घरी कधी जात नाहीत, माणसं त्यांच्याकडे येतात, निदान त्यांच्या दारावरून जातात. त्यामुळे मी दार धरून नुसती उभी राहिले.

"लेलेबाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "पण दिवाळीला दोन महिने राहिलेत, आणि मला तुमची स्कूटर लागेल."

माफी आणि स्कूटर एकाच दमात मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चिडायचंही सुचलं नाही. आत बसवलं, चहा ठेवला, आणि तेव्हा कुठे मला कळलं की हा सगळा खटाटोप कशासाठी चाललाय.

हर्डीकरांना एक थोरली बहीण आहे, अक्का. ऐंशी वर्षांच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला. बाजारचे नकाशे त्यांना कधी पटले नाहीत, म्हणून महाराष्ट्रातल्या एकेका नदीचं खोरं त्यांनी स्वतः मोठ्या कागदावर शाईने काढलं. सव्वीस नद्या, सव्वीस नकाशे. आता हडपसरच्या पुढे, मांजरी गावात मुलाकडे असतात. उसाचं शेत संपतं तिथे उभ्या राहिलेल्या नव्या इमारतींतल्या एकीत, सातव्या मजल्यावर. गेल्या काही वर्षांत त्यांची मधली नजर गेली. कडेचं धूसर दिसतं, समोरचं दिसत नाही. तरी नकाशे तोंडपाठ.

त्या इमारतीत विदर्भातून आलेली बरीच कुटुंबं आहेत. दुपारी बायका अक्कांकडे बसायच्या आणि अक्का नकाशा उघडून त्यांना त्यांची गावं दाखवायच्या. समोरच्या फ्लॅटमधली सारिका वर्ध्याकडची. तिच्यासाठी अक्कांनी एकदा वर्धा नदीचं भेंडोळं काढलं, गादीवर पसरलं, बोट ठेवलं आणि सांगितलं, "ही बघ तुझी नदी. आणि या वळणाच्या खाली तुझं गाव."

बोटाखाली चिपळूण होतं.

भेंडोळं चुकलं होतं. ते कोकणातल्या वाशिष्ठीचं होतं. नदीच्या पलीकडे निळाशार समुद्र रंगवलेला. सारिका समुद्राकडे बघून म्हणाली, "हो जी काकू, हेच." दुसऱ्या दुपारी शेजारणी आल्या, त्याही हेच म्हणाल्या. तिसऱ्या दुपारी सून कामावरून लवकर आली आणि दारातूनच ओरडली, "अहो आई, ते चिपळूण आहे!"

मी हसले. न हसणं शक्यच नव्हतं. हर्डीकरही हसले, पण अर्ध्यावर थांबले.

"अक्काला चुकल्याचं काही नाही वाटलं," ते म्हणाले. "बायका हो म्हणाल्या त्याचं वाटलं. म्हणाली, तीस वर्षं मी मुलींच्या चुकांवर लाल फुली मारली, आणि माझी चूक झाली तर लोक माझी कीव करतात. त्या दिवसापासून तिने एक नकाशा उघडलेला नाही. मुलाला सांगितलंय, दिवाळीच्या साफसफाईत सगळी भेंडोळी रद्दीत घाल."

मग त्यांनी खिशातून पेन्सील काढली आणि माझ्या वर्तमानपत्रावर नळी काढली. प्रत्येक नकाशाला आपली नळी. नळीच्या वरच्या टोकाला जितक्या पिना जवळजवळ, तो विभाग. कोकणाला एक, विदर्भाला पाच. मग बोटभर जागा सोडून जितक्या पिना, ती त्या विभागातली नदी. त्याखाली पुन्हा जागा सोडून कड बंद करणारी पिनांची ओळ, थेट खालच्या टोकापर्यंत. पीन बाहेरून बोटाला लागली पाहिजे आणि आतून साफ मुडपलेली हवी, नकाशाला ओरखडा न येण्याइतकी.

"गोंद हाताला लागत नाही, लेलेबाई."

"सुतळीच्या गाठी मारल्या असत्या तरी चाललं असतं," मी म्हटलं. शिकवणारीची सवय, जाता जात नाही.

"चाललं असतं," ते शांतपणे म्हणाले. "पण अक्काला गाठी मारलेलं काही द्यायचं नाहीये मला."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर मागे घेऊन कसब्यात बबनराव तांबटांकडे गेले. हर्डीकरांच्या खांद्यावर तीन फुटी ऐरण होती आणि गल्लीतली माणसं आपापली डोकी सांभाळत बाजूला होत होती. बबनराव हंडे ठोकणारे. कानात कापूस असल्यामुळे ते सगळ्यांशी ओरडूनच बोलतात. चौदा चित्रं त्यांनी पत्ते पिसावेत तशी चाळली.

"साहेब, करायचंय काय नेमकं?"

"नळीला आतून आधार द्यायचाय. पण दांड्याचं मोकळं टोक खाली झुकतं. पीन नीट मुडपत नाही."

"मग चिकटवा की!"

हर्डीकरांनी डोळे मिटून घेतले. मी मध्ये पडले आणि अक्कांची गोष्ट थोडक्यात सांगितली. बबनरावांनी एका कानातला कापूस काढला, पुन्हा सांगायला लावलं, आणि ऐरण हातात तोलून पाहिली.

"भरीव कशाला केलाय? आपल्याच वजनानं वाकतोय बिचारा. पोकळ पाइप घ्या, वरनं खाचांची पट्टी जोडून देतो. अन् खाचा उथळ ठेवू, म्हणजे नळी अडकायची नाही."

"मी तेच म्हणत होतो," हर्डीकर म्हणाले.

"चित्रात न्हाई दिसलं."

"मुद्दा तो नाही."

आठवड्याभरात नवी ऐरण बसली आणि नळ्या सुरू झाल्या. दिवसाला एक, फार तर दोन. मी कॉलेजातून आले की पहिल्या मजल्यावर थांबायची, कागद गुंडाळून धरायची, आणि हर्डीकर कडेवर नजर ठेवून नळी ऐरणीवर लावायचे आणि पायडल मारायचे. मी पट्टी धरून पिनांसाठी रेघ मारून देते म्हटलं तर त्यांना राग आला. "ड्राफ्ट्समनला पट्टी लागत नाही, नजर लागते." एखादी नळी मनाजोगी झाली नाही की ती बाद. अशा अकरा बाद नळ्यांत सध्या माझ्या घरातली लाटणी, छत्र्या आणि एक बासरी आहे. इमारतीतली माणसं आता आपणहून रबरबँड काढून, हात पुढे करून जिना चढायला लागली होती, तर हर्डीकरांना त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. वसुबारसेच्या आधी दोन दिवस सव्विसावी नळी झाली.

नळ्या चादरीत बांधून आम्ही रिक्षा केली. गाठोडं हर्डीकरांच्या मांडीवर. हडपसरच्या गर्दीत रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं.

"काका, रॉकेट आहेत का? रिक्षात फटाके नको बरं का."

"फटाके नाहीत. रिकामं आहे सगळं."

"रिकामं? मग नेता कशाला?"

"भरायला," हर्डीकर म्हणाले, आणि रिक्षावाल्याने मांजरीपर्यंत आरशातून आमच्यावर नजर ठेवली.

अक्का म्हणजे हर्डीकरांचीच आणखी एक प्रत होती, फक्त जास्त कडक इस्त्रीची. पांढरं नऊवारी नाही की काही नाही, साधा पंजाबी ड्रेस आणि मनगटावर बोलणारं घड्याळ. माझी ओळख झाल्यावर म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या प्रमाणपत्राचं कळलं. मी माफी मागते. हा लहानपणीही आधी करायचा आणि मग विचार करायचा."

मी एकेक भेंडोळं उलगडून नाव वाचत गेले आणि हर्डीकर ते ते नकाशे आपापल्या नळ्यांत घालत गेले. हर्डीकरांनी विभागांचा आणि त्यांतल्या नद्यांच्या क्रमांकांचा हिशेब समजावून सांगितला. अक्कांनी तो एकदाच ऐकला. "खानदेशाला तीन आणि मराठवाड्याला चार. बरं. टाक सगळ्या एकत्र, आणि हलव."

हर्डीकरांनी नळ्या कालवल्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. अक्कांनी एक नळी उचलली, वरच्या टोकावरून अंगठा फिरवला. "कोयना." उघडून मी पाहिलं, कोयना. "गिरणा." गिरणा. "मांजरा. वैनगंगा. ही कुंडलिका." एकही चुकली नाही. मी टाळ्या वाजवल्या आणि मग एकटीच वाजवतेय हे लक्षात येऊन थांबले.

"सारिकाला बोलावा," अक्का म्हणाल्या.

सारिका हात पुसत आली. अक्कांनी पाच पिनांच्या नळ्या चाचपून त्यांतली एक काढली आणि नकाशा गादीवर पसरायला लावला. या वेळी समुद्र नव्हता.

"आता मी बोट ठेवते. चुकलं तर चूक म्हणायचं. हो म्हणालीस तर पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

बोट टेकलं. सारिकाने आमच्याकडे पाहिलं, मग नकाशाकडे.

"चूक आहे जी काकू," ती घाबरत म्हणाली. "थोडं वर. अजून वर. हं... इथं. इथं आमची माय राहते." आणि मग बोटाकडे बघता बघता तिच्या डोळ्यांना धार लागली. "त्या दिवशी मी पाहूनच राहिली होती जी, पण कसं सांगाव तुम्हाला, तेच नाही समजलं."

अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि मुलाला फोन लावायला सांगितलं. भेंडोळी रद्दीत जाणार नव्हती. मला वाटलं झालं, आता चकल्या खायच्या आणि निघायचं. सारिका चहा टाकायला गेली. हर्डीकर खुर्चीत मागे टेकले आणि या दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला ते थकलेले दिसले.

अक्का मात्र अजून नळ्यांवरून बोटं फिरवत होत्या. आता टोकाशी नाही, पूर्ण लांबीवरून, वरून खाली. एक झाली की दुसरी.

"श्री," त्या म्हणाल्या, "कागदाची कड माझ्या बोटाला लागते. पिना कडेपासून सारख्या अंतरावर हव्यात ना?"

"आहेत."

"काहींत आहेत. काहींत मधे पोटाशी बाहेर सरकतात आणि पुन्हा आत येतात. या चार नळ्यांत तर चांगल्याच. तू ओळ नजरेनं धरलीस का?"

"यंत्राचा रूळ थोडा—"

"रूळ लोखंडाचा आहे. तो एका नळीला सरळ आणि दुसरीला वाकडा नसतो." अक्कांनी नळी खाली ठेवली. "मलाही आधी असंच झालं होतं. फळ्यावरची सरळ रेघ मधेच वाकडी दिसायला लागली. डॉक्टरकडे गेला होतास?"

स्वयंपाकघरात सारिका आलं ठेचत होती.

"गुढीपाडव्याला गेलो होतो," हर्डीकर म्हणाले.

"काय म्हणाला?"

"तुला म्हणाला तेच."

मी रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून कागद धरत होते. सव्वीस नळ्या माझ्या हातातून गेल्या होत्या. दोन चांगले डोळे आणि तीस वर्षांचं प्रयोगशाळेतलं निरीक्षण, आणि मला ती ओळ वाकलेली दिसली नव्हती. मला माझीच भयंकर लाज वाटली. या माणसाने पहिल्या मजल्यावर एकट्याने बसून हे सात-आठ महिने मनात ठेवलं होतं, आणि मी त्याच्याशी दहा भोकांवरून भांडत होते.

"वाईट वाटून घेऊ नकोस, अक्का," हर्डीकर म्हणाले. "पुष्कळ दिसतंय अजून."

अक्कांनी वाईट वाटून घेतलं नाही. निदान दाखवलं तरी नाही. त्या सरसावून बसल्या आणि समोरच्या गादीवर हात आपटला. "इथे येऊन बस. डोळे मीट. नीट मीट, फटीतून बघायचं नाही, मला कळतं." हर्डीकर उठून मुकाट्याने गादीवर बसले, मांडी घातली आणि डोळे मिटले. अक्कांनी त्यांच्या हातात एक नळी दिली.

"सांग."

हर्डीकरांनी बोटं फिरवली. स्वतःच्या हाताने मारलेल्या पिना ते दोनदा मोजत होते. "तीन. खानदेश. तापी?"

"चूक. नखानं नको, बोटाच्या पोटानं बघ. घाई करू नकोस. परत."

ते परत सुरुवातीपासून मोजायला लागले. ओठ हलत होते. सारिकाने चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली तरी दोघांचंही लक्ष गेलं नाही. खाली रिक्षा मिळायची पंचाईत होईल म्हणून मी उठले आणि हळूच म्हटलं, "हर्डीकर, निघायचं ना?"

"तुम्ही व्हा पुढे, लेलेबाई," ते डोळे न उघडता म्हणाले. "माझ्या अजून पंचवीस राहिल्यात."